नकाशावरची कौंटी आणि मनातली कौंटी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लंडनहून पत्रे येतात. कोणाची बहीण तिकडे नर्स म्हणून गेली, कोणाचा पुतण्या शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. हॅरो, वेम्बली, साऊथॉल, हाऊन्स्लो या बाजूने आलेल्या जुन्या पाकिटांवर पत्त्याच्या शेवटी एक शब्द हमखास दिसतो : मिडलसेक्स. नातवंडांनी शाळेच्या ॲटलासमध्ये हे मिडलसेक्स शोधायला घेतले तर सापडत नाही. कारण कारभाराच्या दृष्टीने मिडलसेक्स नावाची कौंटी १ एप्रिल १९६५ रोजी संपली. तिचा बहुतेक मुलूख ग्रेटर लंडनमध्ये गेला. कौन्सिल गेली, कचेरी गेली, पण टपालखात्याने लंडनबाहेरच्या त्या गावांच्या पत्त्यात मिडलसेक्स चालू ठेवले. पत्त्यात कौंटी लिहिण्याची गरज टपालखात्याने १९९६ साली काढून टाकली. तरीही हॅरोची म्हातारी माणसे मिडलसेक्स लिहितात ती लिहितातच.

इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या की वर्तमानपत्रांत रंगीत नकाशे छापून येतात. लाल म्हणजे मजूर पक्ष, निळा म्हणजे हुजूर पक्ष, पिवळा म्हणजे लिबरल डेमोक्रॅट. तो नकाशा पाहून माणूस म्हणतो, "अमुक कौंटीने अमुक पक्षाला कौल दिला." पण कोणती कौंटी? नकाशावरची, की मनातली? या दोहोंत किती अंतर पडले आहे, आणि आम्हा बेटावरच्या मराठी माणसांनी त्यात का लक्ष घालावे, हे आज सांगावयाचे आहे.

हजार वर्षांची रेघ

इंग्लंडच्या जुन्या कौंट्या ३९. त्यांतल्या बऱ्याचशा नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या. राजाचा शेरीफ जेवढ्या मुलखात सारा गोळा करी आणि न्याय पाही, तेवढा त्याचा 'शायर'. पुढे माणूस आपली ओळख त्या नावाने सांगू लागला. आपल्याकडे कोणी "मी तळकोकणचा" म्हणतो, त्याच सुरात तिकडचा माणूस "मी यॉर्कशायरचा" म्हणतो.

निवडून आलेल्या कौंटी कौन्सिला मात्र पुष्कळ उशिरा आल्या. त्यासाठीचा कायदा १८८८ चा आणि पहिल्या निवडणुका १८८९ च्या. तेव्हाच पहिली फारकत झाली. मोठ्या शहरांना स्वतंत्र कारभार मिळाला आणि लंडनसाठी मिडलसेक्स, सरे व केंट यांचे लचके तोडून नवी कौंटी केली गेली. मग १९६५ साली मिडलसेक्स संपले, आणि १ एप्रिल १९७४ रोजी सगळ्यात मोठा घाव बसला. इंग्लंडात सहा महानगरी कौंट्या नव्याने निघाल्या. रटलंड ही सर्वांत लहान कौंटी लेस्टरशायरने गिळली, हंटिंग्डनशायर केंब्रिजशायरमध्ये गेले. यॉर्कशायरचे तीन भाग, ज्यांना ते रायडिंग म्हणतात, मोडले गेले. बोर्नमथ हॅम्पशायरमधून उचलून डॉर्सेटमध्ये टाकले, स्लाव बकिंगहॅमशायरमधून बर्कशायरमध्ये.

लोकांनी हे मुकाट्याने घेतले नाही. सॅडलवर्थचा डोंगरी भाग यॉर्कशायरमधून काढून ग्रेटर मँचेस्टरच्या ओल्डॅमला जोडला होता. तिथले लोक आजही आपण यॉर्कशायरचेच असे बजावतात. १ ऑगस्टचा यॉर्कशायर दिवस १९७५ पासून साजरा होतो, तो याच रागातून. रटलंडची माणसे तेवीस वर्षे भांडली आणि १ एप्रिल १९९७ रोजी त्यांना स्वतःची कौन्सिल परत मिळाली. हंबरसाईड, एव्हन, क्लीव्हलंड ही १९७४ ची नवी नावे लोकांच्या तोंडी बसलीच नाहीत. १९९६ साली त्या तिन्ही कौन्सिला गुंडाळाव्या लागल्या.

क्रिकेटवाल्यांनी रेघ सोडली नाही

ज्यांना कौन्सिलांत रस नाही त्यांना क्रिकेटमध्ये असेल. तिथे जुनी कौंटी जिवंत आहे. मिडलसेक्सचा संघ लॉर्ड्सवर खेळतो, पण लॉर्ड्सचे मैदान १८८९ पासूनच मिडलसेक्सच्या कारभाराबाहेर गेले. सरेचे ओव्हल मैदान आज लंडनच्या लॅम्बेथ बरोमध्ये आहे. मुंबईचे फारूख इंजिनियर १९६८ ते १९७६ लँकेशायरकडून खेळले. त्यांचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान मध्येच, १९७४ साली, ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेले. खेळाडू तोच, खेळपट्टी तीच, फक्त कौंटी पायाखालून सरकली. संघाचे नाव कोणी बदलले नाही.

यॉर्कशायर तर याबाबतीत हट्टी. जुन्या यॉर्कशायरच्या हद्दीत जन्म झाला नसेल तर संघात जागा नाही, असा त्यांचा रिवाज. हद्द मोजायची ती जुनी, १९७४ ची नव्हे. हा रिवाज अखेर १९९२ साली मोडला आणि बाहेर देशाचा पहिला खेळाडू म्हणून यॉर्कशायरकडून मैदानात उतरला तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. ज्या रेघेने पिढ्यान् पिढ्या परक्यांना अडवले, ती एका मुंबईच्या मराठी पोराने ओलांडली.

कंब्रियाचा धडा

निवडणुकीचा नकाशा जुन्या हद्दीवर ठेवून पाहिला म्हणजे काय दिसते, याचे आम्हांला सर्वांत चांगले वाटलेले उदाहरण इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातले आहे. १९७४ साली कंबरलंड आणि वेस्टमोरलंड या दोन जुन्या कौंट्या, लँकेशायरचा फर्नेस भाग आणि यॉर्कशायरचा सेडबर्ग भाग एकत्र करून 'कंब्रिया' ही कौंटी केली. फर्नेस हा लँकेशायरचा असून लँकेशायरला लागून नव्हता. मध्ये मोरकॅम्ब उपसागर. ओहोटीला वाळूवरून तो पार करीत, म्हणून त्या भागाला 'वाळूपलीकडचे लँकेशायर' म्हणत. तीन कौंट्या जिथे भेटतात तिथे, रायनोज खिंडीत, तीन शायरांचा दगड उभा आहे.

४९ वर्षांनी, १ एप्रिल २०२३ रोजी, कंब्रियाची कौन्सिल मोडली आणि तिच्या जागी दोन कौन्सिला आल्या : कंबरलंड, आणि वेस्टमोरलंड व फर्नेस. जुनी नावे परत आली म्हणून बरेच जण सुखावले. पण नाव परतले, रेघ परतली नाही. पेनरिथ हे शहर शतकानुशतके कंबरलंडचे. ते आज वेस्टमोरलंड व फर्नेसमध्ये आहे, आणि ऑल्स्टनही. म्हणजे या एका कौन्सिलीच्या पोटात चार जुन्या कौंट्यांचे तुकडे आहेत : वेस्टमोरलंड सबंध, कंबरलंडचा पूर्व भाग, लँकेशायरचे फर्नेस आणि यॉर्कशायरचे सेडबर्ग.

या दोन कौन्सिलांच्या पहिल्या निवडणुका ५ मे २०२२ रोजी झाल्या. कंबरलंडच्या ४६ जागांपैकी मजूर पक्षाला ३०, हुजूर पक्षाला ७, लिबरल डेमोक्रॅटांना ४ आणि इतरांना ५ मिळाल्या. वेस्टमोरलंड व फर्नेसच्या ६५ जागांपैकी लिबरल डेमोक्रॅटांना ३६, मजुरांना १५, हुजुरांना ११ आणि इतरांना ३. नकाशा रंगवला की एक कौन्सिल लाल आणि एक पिवळी. दोन्हीकडे स्पष्ट बहुमत.

आता कागदपेन्सिल घ्या. दोन्हींची बेरीज १११ जागा. मजूर ४५, लिबरल ४०, हुजूर १८, इतर ८. बहुमताला ५६ हवेत. ते कोणाकडेच नाही. म्हणजे माणसे तीच, मते तीच. रेघ मध्ये ओढली तर दोन पक्षांचे दोन भक्कम कारभार, रेघ पुसली तर कोणाचाच नाही. रेघ नुसती रेघ नसते ती अशी.

पण येथेच थांबून एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा बेरजा करून पुष्कळ जण फसतात. कंबरलंडची वस्ती सुमारे पावणेतीन लाख, वेस्टमोरलंड व फर्नेसची सुमारे सव्वादोन लाख. पहिलीत सहा हजारांमागे एक सभासद, दुसरीत साडेतीन हजारांमागे एक. तेव्हा दोन्हींकडच्या जागा एकाच तराजूत घालणे पुरते रास्त नाही. बेरीज हवीच असेल तर मतांची करावी, जागांची नव्हे.

दुसरी गोष्ट. वेस्टमोरलंड व फर्नेसमध्ये मजुरांच्या जागा बहुतेक बॅरो आणि त्याच्या आसपास आल्या. जुनी हद्द नकाशावर टाकली की लाल ठिपके नेमके जुन्या लँकेशायरमध्ये पडलेले दिसतात. "पाहा, लँकेशायर अजून वेगळेच आहे!" असे म्हणण्याचा मोह होतो. पण बॅरो हे जहाजबांधणीचे कामगारांचे शहर, तेथे पाणबुड्या बांधतात. मत गोदीने दिले, कौंटीने नव्हे. सगळे फर्नेस काही लाल झाले नाही. जुनी रेघ आणि नवा रंग एकमेकांवर बसले म्हणजे एकामुळे दुसरे झाले असे नाही.

नकाशा कसा रंगवतात

असे नकाशे करणारे हौशी लोक इंग्लंडात बरेच आहेत. त्यांचे काम वाटते तितके सोपे नाही. निकाल मिळतो तो वॉर्डाचा. वॉर्डाच्या हद्दी लोकसंख्या बदलली की बदलतात. जुनी कौंटी मात्र नदी, ओढा, डोंगराची धार धरून गेलेली. एखादा वॉर्ड दोन जुन्या कौंट्यांवर पसरला असेल तर त्याची मते कशी वाटायची? मतपत्रिका पेट्यांतून एकत्र करून मोजतात, त्यामुळे ओढ्याच्या अलीकडच्यांनी काय केले आणि पलीकडच्यांनी काय, हे कळत नाही. मग घरे किंवा मतदार मोजून अंदाजाने वाटणी करावी लागते, आणि तो अंदाज आहे हे नकाशाखाली लिहावे लागते. प्रामाणिक माणूस लिहितो.

एका वॉर्डातून तीन सभासद निवडायचे असतील तर प्रत्येक मतदाराला तीन मते. पक्षाची मते मोजायची ती पहिल्या उमेदवाराची, की तिघांची मिळून? दोन्ही रीती चालतात. उत्तर वेगळे येते. शिवाय रंगाची फसवणूक आहेच. समजा एका वॉर्डात चार उमेदवार, आणि जिंकणाऱ्याला शंभरातली पस्तीसच मते. नकाशावर सगळा वॉर्ड त्याच्या रंगाचा. उरलेल्या पासष्टांना रंगच नाही. आणि मेंढ्या चरणारा डोंगरी वॉर्ड नकाशाचा अर्धा भाग व्यापतो, तर दहापट माणसांचे शहर नखाएवढे दिसते. म्हणून काही जण प्रत्येक वॉर्डाला सारख्या आकाराचा षट्कोन देतात, मधमाशीच्या पोळ्यासारखा. दिसायला विचित्र, पण माणसांना न्याय देणारा.

शिवाय 'जुनी हद्द' म्हणजे कोणत्या सालची? होली आयलंड बेट आहे नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याला, पण १८४४ पर्यंत ते डरहॅम कौंटीचे होते. त्या वर्षीच्या कायद्याने असे सुटे तुकडे भोवतालच्या कौंटीला जोडले. तेव्हा इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्यालाही एक साल निवडावेच लागते.

ताजे उदाहरण १ मे २०२५ चे. त्या दिवशी रिफॉर्म यूके या पक्षाने दहा कौन्सिला काबीज केल्या, त्यांत केंट आणि लँकेशायर. "लँकेशायर रिफॉर्मकडे" असे वाचून जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर मँचेस्टर आणि लिव्हरपूल उभे राहिले असेल. पण ही दोन्ही जुन्या लँकेशायरची शहरे १९७४ सालीच वेगळी झाली. ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूल यांच्याही कौन्सिला स्वतंत्र. यांपैकी कोणीच त्या कौंटी कौन्सिलीसाठी मत दिले नाही. जुन्या लँकेशायरच्या नकाशावर तो निकाल मांडला तर मोठमोठे भाग कोरे राहतात. कोरी जागा म्हणजे विरोधही नव्हे, पाठिंबाही नव्हे. तिथे प्रश्नच विचारला गेला नव्हता. हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आमच्या मिडलसेक्सचे तेच. ५ मे २०२२ रोजी हॅरोच्या ५५ जागांपैकी हुजूर पक्षाने ३१ आणि मजुरांनी २४ घेतल्या. शेजारच्या ब्रेंटमध्ये मजुरांचे जबरदस्त बहुमत आले. दोन्ही बरो जुन्या मिडलसेक्सचे, मध्ये एक रस्ता. "मिडलसेक्सने कोणाला कौल दिला?" या प्रश्नाला एका रंगात उत्तर नाही. याच ब्रेंटमध्ये, डॉलिस हिलला, १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तीही जुन्या मिडलसेक्सच्या मातीवरच.

बेळगावची आठवण

हे सगळे मराठी माणसाला परके वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून तिथल्या नगरपालिकेची निवडणूक म्हणजे सीमाप्रश्नावरचा कौल, असे दोन्ही बाजूंनी मानले. महाराष्ट्राची मागणी होती की खेडे हा घटक धरावा आणि भाषेची बहुसंख्या व सलगता पाहून रेघ ओढावी. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव महाराष्ट्राला दिले नाही, आणि खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पुढे २०२१ साली तिथल्या महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. तेव्हा काहींनी प्रश्न संपला म्हटले, काहींनी निकालाचा अर्थ तसा नाही म्हटले. गटार, पाणी आणि घरपट्टी यांसाठी दिलेले मत सीमेसाठी मोजावे की नाही, हा वाद कंब्रियातल्या वादाचाच भाऊ आहे. फरक इतकाच की बेळगावात त्यापायी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आणि प्राणही दिले.

आपले नऊ जिल्हे

आता घरी येऊ. आपल्या मॉरिशसचे जिल्हे नऊ, हे पोरेही घडाघडा म्हणतात. पण प्लेन विल्हेम्स जिल्ह्याची जिल्हा कौन्सिल कुठे आहे? नाही. तिथे व्हाक्वा-फिनिक्स, कात्र बोर्न, बो बासें-रोझ हिल आणि क्युरपीप अशा चार नगरपालिका. जिल्हा कौन्सिला पूर्वी चार होत्या, २०११ च्या कायद्याने सात झाल्या. संसदेचा १४ नंबरचा मतदारसंघ साव्हान आणि ब्लॅक रिव्हर दोन्हींत पाय ठेवून बसला आहे. कास्कावेलच्या विठ्ठलमंदिराच्या परिसरातला आपला माणूस जिल्ह्याने ब्लॅक रिव्हरचा, पण "नंबर किती?" विचारले की दुसरेच उत्तर देतो.

नगरपालिकांच्या निवडणुका जून २०१५ नंतर थेट ४ मे २०२५ ला झाल्या, जवळजवळ दहा वर्षांनी. गावांनी मत दिले होते २२ नोव्हेंबर २०२० रोजी. गावात सहसा राष्ट्रीय पक्ष नव्हे, स्थानिक गट उभे राहतात, आणि जिल्हा कौन्सिलीवर गावचे सभासद आपला प्रतिनिधी पाठवतात. तेव्हा कोणी आपल्या बेटाचा एक सुबक रंगीत नकाशा काढून "स्थानिक कौल" म्हणून पुढे केला, तर पहिला प्रश्न विचारा : हे सगळे एकाच दिवशी, एकाच प्रश्नावर बोलले होते का?

आजोबांचा कागद

आणि सर्वांत जवळची गोष्ट शेवटी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी बरेच जण आजोबा-पणजोबांचे नाव शोधत तिथे गेले आहेत. कागदावर जिल्हा, परगणा, गाव असे लिहिलेले असते. जिल्हा रत्नागिरी. मग नातू भारताचा नकाशा उघडतो, रत्नागिरी जिल्हा धुंडाळतो, आणि गाव सापडत नाही. कागद खोटा, की आपले वाचणे चुकले, असे वाटून तो परत फिरतो.

कागद खोटा नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले आणि मालवण, वेंगुर्ले, कणकवलीकडचा दक्षिणेचा सगळा भाग सिंधुदुर्गात गेला. सावंतवाडीचे तर तेव्हा वेगळे संस्थान होते. ते आधी रत्नागिरीत आले आणि नंतर सिंधुदुर्गात. उत्तरेचा कुलाबा जिल्हा आता रायगड म्हणून ओळखला जातो. आजोबांचे गाव जागच्या जागी आहे. रेघ हलली आहे.

म्हणून आमची वाचकांना विनंती एवढीच. घरी असा कागद असेल तर त्याच्या मागे पेन्सिलीने आजचा तालुका आणि जिल्हा लिहून ठेवा, पण पुढे लिहिलेले खोडू नका. हॅरोची म्हातारी मिडलसेक्स लिहिते, पेनरिथचा माणूस स्वतःला कंबरलंडचा म्हणवतो, त्यांना हसू नका. आणि निवडणुकीचा नकाशा हाती आला तर रंग पाहण्याआधी त्यावरची रेघ कोणत्या सालची आहे ते पाहा. पुढच्या वेळी लंडनहून पत्र आले की पाकीट फेकण्यापूर्वी पत्ता एकदा नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवा.